सव्वीस इंची चाकाचे पाच हजार

मास्टरबाईंना सायकल शिकवायला कोणी आलं नव्हतं. सायकलवरून उतरवायला मात्र निम्मी गल्ली पुढे सरसावली होती.

तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड कापायचं काम. सुरक्षारक्षकांचे कोट, इस्पितळातले झगे, शाळकरी पोरांच्या पँटी. लांबलचक टेबलावर एकावर एक चाळीस थर कापड अंथरायचं, वर खडूने आखायचं आणि विजेचं कटर एका दमात फिरवायचं. हात जरा हलला तर चाळीस बाह्या एकदम वाया. कापणाऱ्या पुरुषाला सगळे मास्टर म्हणतात, म्हणून ह्या मास्टरबाई. पुढे ते नाव घरीदारी चिकटलं. सासूबाईसुद्धा रागात असल्या की "आल्या का मास्टरबाई?" असं विचारायच्या.

कारखान्याकडे जाणारी एकुलती एक बस बंद झाली आणि रोजचे सात किलोमीटर जायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. मुलगी नोकरीसाठी परगावी गेलेली. तिची सायकल बाल्कनीत होती, पण सायकल कसली, पायपुसणी वाळत घालायचा दांडाच झाला होता तिचा. एका रविवारी मास्टरबाईंनी पायपुसणी उचलली, चाकांत हवा भरून आणली आणि गोदामांमागच्या रिकाम्या रस्त्यावर जाऊन पडायला सुरुवात केली. तीन रविवार पडल्या. चौथ्या रविवारी पडायचं राहून गेलं.

"ह्या वयात हाडं मोडली तर लवकर जुळत नाहीत हं," शेजारीण म्हणाली.

"म्हणून तर मोडायची नाहीत असं ठरवलंय."

सासूबाईंचं म्हणणं वेगळं होतं. "माझं सगळं तू करतेस. तू आडवी झालीस तर तुझं कोण करणार, आणि माझं कोण करणार?" ह्यात माया किती आणि हिशेब किती हे शोधायच्या भानगडीत मास्टरबाई पडल्या नाहीत. दोन्ही असणार.

वाटेत रुळांवरून जाणारा एक पूल होता. सुरुवातीला त्या पुलाच्या पायथ्याशी उतरून सायकल ढकलत न्यायच्या, आणि मागून येणारा प्रत्येक ट्रकवाला हॉर्न वाजवून सल्ला द्यायचा. अकरा आठवड्यांनी एका सकाळी त्या न उतरता वर पोचल्या. सांगायला जवळपास कोणी नव्हतं. कारखान्यात जाऊन त्यांनी हजेरीच्या वहीतली सही जरा मोठी केली, एवढंच.

पहिल्या महिन्यातच बैठकीचे हाल झाले होते. दुकानात सायकलस्वारांच्या गादीच्या पँटी मिळतात, पण त्या बघूनच त्यांना घाम फुटला. मग त्यांनी आपल्या हाताने एक सैलसर पँट कापली आणि रक्षकांच्या कोटांत घालतात ते खांद्याचे पॅड तिच्या बुडाला आतून शिवून टाकले. कारखान्यातल्या शिलाईवाल्या हसून हसून मशीनवर आडव्या झाल्या. "मास्टरबाई, खांदे कुठे आलेत बघा!" आठ दिवसांनी त्यातल्याच दोघींनी हळूच माप आणून दिलं.

अशी चार वर्षं गेली. आणि मग भाऊजींनी पाच हजारांचा विषय काढला.

भाऊजी म्हणजे धाकटे दीर. हौशी सायकलस्वारांच्या क्लबात त्यांचं मोठं नाव होतं. गिअर, ब्रेक, टायर, कशाचंही काही अडलं की लोक त्यांना विचारायचे. सायकल उंची, हेल्मेट उंची, अंगावरचे कपडे असे घट्ट की जेवायला बसले तर दोन घास कमीच जावेत. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी जाहीर केलं होतं की यंदा पाच हजार किलोमीटर करणार. वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी दोन्ही घरं एकत्र जेवायला बसली तेव्हा आकडा अकराशेवर अडकला होता.

"पाच हजार म्हणजे खायचं काम नाही," वाढून घेता घेता ते म्हणाले. "कामाचा व्याप, हवामान, शंभर गोष्टी असतात."

"मी करते की," मास्टरबाई वाढता वाढता म्हणाल्या.

टेबलावर हशा पिकला. नवराही हसला, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"वहिनी, कारखान्यात जाऊन-येऊन होत नसतात ते. त्याला तयारी लागते, शास्त्र लागतं."

"मला पाय पुरतील."

दुसऱ्या दिवशी भाऊजी स्वतः आले आणि आपला जुना मीटर वहिनींच्या सायकलला लावून गेले. त्यांनी स्वतःसाठी मनगटावरचा नवा घेतला होता. आऱ्याला चिमुकलं लोहचुंबक, हँडलवर काड्यापेटीएवढा पडदा. "घ्या. आता थापा मारता येणार नाहीत," म्हणाले. लावताना फोनवर कुणाशी तरी बोलणं चालूच होतं.

मास्टरबाईंनी गणित मांडलं. कारखान्याचं जाणं-येणं चौदा. आठवड्याचे सहा दिवस धरले तर वर्षाचे चार हजार तीनशे तिथेच निघतात. उरलेले सातशे रविवारी काढायचे. कागदावर सोपं होतं. पण वर्षात सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन निघालं, पाहुणे आले, सहा दिवस ताप आला आणि त्या सहा दिवसांचे चौऱ्याऐंशी किलोमीटर पुढचे सहा रविवार चौदा-चौदा करून फेडावे लागले. दोन्ही हातांची करंगळी सकाळी बधिर असायची. पंक्चर काढायला त्या स्वतः शिकल्या. गल्लीतली पोरं त्यांना 'मीटरबाई' म्हणायला लागली, त्या वळून "चार हजार दोनशे दहा!" असं ओरडायच्या, की पोरं गप्प. त्या आकड्याचा त्यांना अभिमान होता. जन्मभर त्यांनी कापलेलं सगळं दुसऱ्यांच्या अंगावर गेलं होतं; हे पहिलंच होतं जे कुणाच्या मापाचं नव्हतं.

डिसेंबरच्या एकवीस तारखेला, शनिवारी, मीटरवर चार हजार नऊशे झाले. शंभर उरले, दिवस उरले दहा. भाऊजींनी लगेच बेत आखला. एकोणतीस तारखेच्या रविवारी क्लबची वर्षातली शेवटची फेरी असते. रोजच्या येण्याजाण्यातून आणि बाजारहाटातून अठ्ठ्याऐंशी होतील, शेवटचे बारा वहिनींनी क्लबबरोबर मारायचे. फोटो, टाळ्या, सगळं. आपल्या घरातून कोणीतरी पाच हजार केलं, ह्याचा आनंद त्यांना खरंच झाला होता, आणि ते कोणीतरी आपणच आहोत असं त्यांना हळूहळू वाटायलाही लागलं होतं.

त्याच संध्याकाळी मीटरचा पडदा पुसट झाला. मास्टरबाई सायकलवाल्याकडे गेल्या. कोपऱ्यावर त्याचं टपरीवजा दुकान. बोलणं कमी, हात काळे.

"सेल बदलावा लागेल," तो म्हणाला. "सेल काढला की आतलं सगळं पुसलं जातं. आधी काय काय भरलंय ते बघून घेतो, म्हणजे परत तसंच भरता येईल." त्याने दोन बटणं दाबून धरली. मग तो सायकलच्या चाकाकडे बघायला लागला. मग परत मीटरकडे.

"काय झालं?"

"चाकाचं माप हे कोणी टाकलं?"

"का?"

"एका फेऱ्याला दोनशे सोळा सेंटिमीटर टाकलंय. हे अठ्ठावीस इंची चाकाचं आहे. तुमचं सव्वीस." त्याने डोकं खाजवलं. "मीटर फेरे मोजतो, बाई. एका फेऱ्यात किती अंतर जातं हे त्याला आपण सांगायचं. तुमचं चाक लहान. ते जातंय कमी, हा सांगतोय जास्त."

मास्टरबाई चाकाशी वाकल्या. मग त्यांनी पिशवीतून खडू आणि टेप काढली. त्या दोन गोष्टी त्यांच्या पिशवीत नाहीत असं कधी होत नसे. टायरवर एक रेघ मारली, तिच्या बरोबर खाली फरशीवर एक. सायकल सरळ धरून पुढे ढकलली. चाक एक फेरा फिरलं, टायरवरची रेघ परत खाली आली, तिथे फरशीवर दुसरी रेघ. दोन रेघांमधलं अंतर टेपने मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा सायकलवाल्याला मोजायला लावलं.

"दोनशे पाच," तो म्हणाला.

म्हणजे शंभर किलोमीटरमागे पाच फुकटचे. वर्षभराचे अडीचशेच्या घरात.

सायकलवाल्याने नवा सेल बसवला. पडदा स्वच्छ झाला, वर शून्य आलं. "आधीचा आकडा हाताने भरता येतो," तो म्हणाला. त्याने आजूबाजूला पाहिलं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं. "चार हजार नऊशे टाकू? पुढचं माप बरोबर करून देतो. मागचं मागे. मी काही बघितलेलं नाही."

"नऊशेचे पाच टक्के गेले की पंचेचाळीस," मास्टरबाई मोठ्याने मोजत होत्या, "आणि चार हजारांचे दोनशे. चार हजार सहाशे पंचावन्न टाका."

"बाई, दहा दिवस राहिलेत."

"मला मोजता येतं. टाका."

घरी आल्यावर त्यांनी भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. नवऱ्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं. "तीनशे पंचेचाळीस? दहा दिवसांत? रोजचे जवळजवळ पस्तीस होतात! अगं, मीटरने पाच हजार सांगितले की झाले पाच हजार. बाकी कोण बघायला बसलंय?"

"तुम्हाला आठवतं, ती नवी पोरगी कामाला लागली होती? तिच्याकडे जुनी टेप होती. कापडी टेप वापरून वापरून ताणते. दोनशे बाह्या अर्धा इंच चुकल्या. तेव्हा टेप तर बरोबर सांगत होती, असं म्हणून मी त्या इस्पितळाला पाठवल्या का?"

"बाह्या वेगळ्या. त्या कुणाला तरी घालायच्या असतात."

"आणि हे मला घालायचंय."

सासूबाई पलंगावरून सगळं ऐकत होत्या. "काय गं, ते अडीचशे जास्तीचे किलोमीटर तू चालवलेच नाहीस ना?"

"नाही."

"मग दमली होतीस ते कशाने?" एवढं बोलून त्या कुशीवर वळल्या. त्यांना उत्तर नको होतं.

भाऊजींना फोनवर कळलं तेव्हा त्यांनी फोन तसाच ठेवला. मग ते घरीच आले. खुर्चीत बसायच्या आधीच सुरू झाले. "वहिनी, मी क्लबात सगळ्यांना सांगून बसलोय. फलक छापायला गेलाय. आणि मीटर मी लावलाय हे सगळ्यांना माहीत आहे. लोक टायरचं माप माझ्याकडून घेतात हो! मी काय तोंड दाखवू?"

"मी कुणाचं नाव घेतलंय का?"

"घ्यायला कशाला हवं? हे बघा, रविवारी या, बारा किलोमीटर मारा, फोटो काढू. नंतर तुमचे जे काय राहिलेत ते गुपचूप करा ना. मी अडवतोय का?"

"आणि फोटोत हात वर करून मी काय दाखवू?"

"पाच हजार!"

"चार हजार सातशे-आठशे दाखवायला किती बोटं लागतात ते सांगा, तेवढी दाखवते."

भाऊजी चहा न घेता गेले. "तू जरा जास्त बोललीस," नवरा म्हणाला. "वर्षभराचं साचलं होतं," मास्टरबाई म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशीच्या पाण्याच्या बाटल्या भरायला गेल्या.

बावीस तारखेच्या रविवारी त्यांनी साठ केले. आयुष्यात एका दिवसात एवढे कधी केले नव्हते. संध्याकाळी जिन्याच्या पायऱ्या उलट्या, कठड्याला धरून चढाव्या लागल्या, कारण मांड्या सरळ चढू देईनात. सोमवारपासून पहाटे साडेचारला उठणं. गोदामांच्या रस्त्यावर सोळा, मग घरी येऊन डबे, सासूबाईंच्या गोळ्या, मग कारखान्याचे चौदा. गोदामाचा पहारेकरी पहिल्या दिवशी हटकायला पुढे आला. त्याच्या अंगावरचा कोट बघून मास्टरबाई म्हणाल्या, "कॉलर बरोबर बसत नाही ना? उद्या आणा, करून देते." त्यानंतर तो फाटक उघडून ठेवायला लागला.

गुरुवारी सासूबाईंची दाढ ठणकायला लागली आणि पहाटेचे सोळा गेले. दवाखान्यात रांगेत बसल्या बसल्या मास्टरबाई तोंडातल्या तोंडात वजाबाक्या करत होत्या. सासूबाई एका गालावर हात धरून म्हणाल्या, "माझ्या दाढेने तुझे किती खाल्ले?"

"सोळा."

"तिला काढायलाच सांग मग."

शनिवारी रात्री बाकी एकशे एकवीस होते.

रविवारी त्या क्लबच्या फेरीला गेल्या. जाऊ नये असं नवऱ्याचं मत होतं, गेल्याच तर बोलू नये असं भाऊजींचं. बागेच्या फाटकापाशी चाळीसेक लोक रंगीबेरंगी कपड्यांत उभे होते. मास्टरबाई आपल्या सैल पँटीत, मुलीच्या जुन्या सायकलसह. भाऊजींनी फलक घरीच ठेवला होता, पण क्लबच्या अध्यक्षांना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी कर्णा तोंडाला लावला. "आज आपल्यात एक पाहुण्या आहेत! वय वर्षं चोपन्न! पाच हजाराला फक्त बारा किलोमीटर बाकी!"

टाळ्या सुरू झाल्या. मास्टरबाईंनी हात वर केला. "एकशे एकवीस बाकी आहेत."

टाळ्या अर्ध्यावर विरल्या. "काय म्हणालात?"

"मीटर अठ्ठावीसच्या चाकाचा होता. माझं चाक सव्वीसचं. आठ दिवसांपूर्वी कळलं."

मागून कोणीतरी हसलं. "मीटर लावला कोणी?" आणि चाळीस डोकी एकदम भाऊजींकडे वळली. भाऊजी हेल्मेटचा पट्टा घट्ट करायला लागले. तो आधीच घट्ट होता.

"लावणाऱ्याने एकदाच लावला," मास्टरबाई म्हणाल्या. "माप न तपासता वर्षभर कापत बसले ती मी. माझ्या धंद्यात ह्याला माफी नाही. चला, निघायचं ना? मला आज सत्तर करायचेत."

बारा किलोमीटरनंतर क्लब चहाला थांबला. त्या थांबल्या नाहीत. संध्याकाळपर्यंत सत्तर झाले. एकावन्न उरले. सोमवारी तीस. एकवीस उरले.

मंगळवार, एकतीस तारीख. पहाटे मालकांचा फोन. इस्पितळाचे सहाशे झगे आजच्या आज जायला हवेत, लवकर या. पहाटेचे सोळा बुडाले. कारखान्यात पोचेपर्यंत सात झाले, चौदा उरले. दिवसभर त्या टेबलाशी उभ्या होत्या. कटर हातात घेतलं की त्यांनी किलोमीटर डोक्यातून काढून टाकले; चाळीस थरांशी त्यांना कधी लबाडी करता आली नव्हती. साडेसहाला शेवटचा गठ्ठा बांधला गेला. बाहेर पडताना त्यांनी नवऱ्याला फोन केला.

"सगळे आलेत," तो दबक्या आवाजात म्हणाला. यंदाही दोन्ही घरं एकत्र जेवणार होती. "भाऊ विचारतोय."

"चौदा राहिलेत. घर सातवर आहे. आधी उलट्या दिशेने जाऊन येते."

"आत्ता? दिवसभर उभी होतीस!"

"आता बसूनच जाणार आहे. सगळं करून ठेवलंय, फक्त गरम करायचंय. जमेल तुम्हाला?"

"गॅस पेटवता येतो मला," नवरा म्हणाला. तीस वर्षांत हे वाक्य मास्टरबाईंनी पहिल्यांदा ऐकलं.

त्या घराकडे पाठ करून निघाल्या. साडेतीन पुरले असते, पण जास्तीचं धरून साडेचार किलोमीटर जाऊन वळल्या. वारा समोरून होता. गुडघ्यात काहीतरी दर फेऱ्याला टचकन वाजत होतं. त्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं, कारण मोजायला आधीच पुष्कळ होतं. कारखान्यावरून परत घराकडे लागल्या तेव्हा पाच उरले होते. तीन उरले तेव्हा मागून गाडीचा उजेड पडला आणि भाऊजींची गाडी शेजारी येऊन सरपटायला लागली. काच खाली झाली.

"वहिनी! सगळे खोळंबलेत. सायकल वर कॅरियरवर टाकू, चला."

"तीन राहिलेत."

"घर समोर आहे हो! दादा रस्सा करपवतोय तिकडे." मास्टरबाई पायडल मारत राहिल्या. भाऊजींनी गाडी आणखी जवळ आणली. त्यांच्या आवाजात चीड कमी आणि काकुळती जास्त होती. "बरं, असं करू. सायकल वर टाकतो आणि पुढचं चाक हाताने फिरवतो हवं तर. तीन किलोमीटर भरेपर्यंत फिरवतो. मीटरला काय कळतंय?"

"मीटरला वर्षभर काही कळलं नाही, भाऊजी. म्हणून तर मी अजून रस्त्यावर आहे."

भाऊजींनी काच वर केली. पण गाडी पुढे नेली नाही. मागे घेतली आणि तिथूनच सावकाश चालवत राहिले. मागचे हॉर्न मारत त्यांना ओव्हरटेक करून जात होते. मास्टरबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. आकडा हलला: चार हजार नऊशे अठ्ठ्याण्णव. नऊशे नव्याण्णव. एक किलोमीटर म्हणजे त्यांच्या चाकाचे चारशे अठ्ठ्याऐंशी फेरे. हे गणित त्यांनी मागच्याच आठवड्यात केलं होतं. बंद दुकानांची शटरं, दवाखान्याची पाटी, पेट्रोल पंप. पंपाच्या पांढऱ्या उजेडात पडद्यावर पाच आणि तीन शून्यं उमटली.

त्या थांबल्या नाहीत. चाक फिरतच होतं.

भाऊजींनी गाडी परत शेजारी आणली. "झाले?"

"झाले."

"खरे?"

"खडूने मोजलेले."

भाऊजी हसले, आणि हसताना पहिल्यांदाच जरा ओशाळले. "मग आता तरी टाका गाडीवर. घर अजून दोन किलोमीटर आहे."

मास्टरबाईंनी कपाळावरचा घाम बाहीला पुसला. दोन्ही करंगळ्या बधिर होत्या, पाठ भरून आली होती, आणि दोन किलोमीटर त्यांना दोनशेसारखे दिसत होते.

"तुम्ही पुढे व्हा, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या दादांना सांगा, भांडी घासायला टाकून ठेवू नका. मी आल्यावर जेवणार आहे, घासणार नाही."